धुराड्याची डावी बाजू

अनुपम बिवलकरने खिशातून रुमाल काढला, टेबलावर उलगडला आणि त्यातली आठ इंजिनं एका ओळीत उभी केली. एकेक इंजिन बोटाएवढं, आणि आठांचीही धुराडी फुटकी.

"मॅडम, हे कोणीतरी जाणूनबुजून करून राहिलं," तो म्हणाला. "चौदा दिवस झाले. एक पीस धड निघत नाही."

चिन्मयी लोकरेचं ऑफिस नेपियर टाउनमध्ये, फिजिक्सच्या एका क्लासच्या वर. पूर्वी ती विमा कंपनीसाठी दाव्यांची तपासणी करायची, आता खाजगी चौकशीची कामं घेते. तिच्यासोबत असतात तिचे सख्खे मामा, मोहनराव. रेल्वेतून निवृत्त. स्कूटर चालवणं आणि घाईघाईनं निष्कर्ष काढणं ही दोन्ही कामं ते हौसेनं करतात.

अनुपमची हकीकत अशी होती. त्याचे वडील श्रीकांतराव एका संरक्षण कारखान्यात इन्स्पेक्टर होते. जुन्या नॅरोगेज इंजिनांच्या छोट्या प्रतिकृती ओतायचा त्यांना नाद. नेपियर टाउनच्याच एका मागच्या खोलीत बावीस वर्षं त्यांची ओतशाळा होती. एप्रिलमध्ये घरमालकानं ती खोली परत मागितली, तेव्हा सगळं सामान सिविल लाइंसमध्ये विनताआत्याच्या बंगल्यामागच्या आउटहाउसमध्ये हलवलं. अनुपम बंगळूरहून लांब रजा टाकून आला. मशीन त्यानंच बसवलं, वायरिंगही त्यानंच केलं.

"बाबांना विजेला हात लावू दिला नाही मी. वय झालं त्यांचं."

पंधरा दिवसांपूर्वी, नव्या जागेत मशीनची पूजा झाली त्या बुधवारी आठही इंजिनं सुरेख निघाली. शुक्रवारपासून मात्र हे असं. आणि येत्या सोमवारी त्याची रजा संपत होती.

"तोवर पुन्हा एक जरी धड इंजिन निघालं, तर मी राजीनामा पाठवून इथंच राहणार. नाही निघालं तर ओतशाळा बंद, अन् मी परत. माझा नथ्थूभैयावर शक आहे, बाबांच्या जुन्या कारागिरावर. नवी जागा त्याला दूर पडते."

त्यानं आपलं कार्ड दिलं. त्यावरचा कंपनीचा नंबर खोडून पेनानं स्वतःचा लिहिला होता. मग मोबाइलमधला पूजेचा फोटो दाखवला : हार घातलेलं मशीन, शेजारी भिंतीवर त्याच्या कनेक्शनचा पत्र्याचा डबा, पुढे वडील. चिन्मयीनं तो फोटो मागून घेतला आणि आठ इंजिनं एकेक करून उजेडात धरली.

"मामा, धुराडं कुठल्या बाजूनं फुटलंय?"

"डाव्या," मामा म्हणाले. "सगळ्यांचं. म्हणजे नथ्थू डावखुरा असणार."

नथ्थू डावखुरा नव्हता, हे तासाभरात कळलं.

आउटहाउस म्हणजे एक लांबट खोली. बंगल्याकडच्या तिन्ही खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या होत्या, कारण धातूचा वास व्हरांड्यात यायला नको ही विनताबाईंची अट. हवा बाहेर फेकणारा एक पंखा मागच्या भिंतीत, आणि दार एकच. मे महिना, त्यात कोपऱ्यात तापलेल्या कथिलाचं भांडं. आत पाऊल टाकताच मामांचा जीव घाबरा झाला. चिन्मयीलाही तिथं कोंडल्यासारखं वाटलं. आतल्या तिघांचे, बापलेकाचे आणि नथ्थूचे, चेहरे बघितल्यावर वाटलं की हे उकाड्यामुळे नाही. कोणी कोणाकडे सरळ बघत नव्हतं.

श्रीकांतरावांनी पाहुण्यांना खुर्च्या दिल्या. मामांची खुर्ची डुगडुगत होती. म्हाताऱ्यानं मामांना उठवलं, पेचकसानं स्क्रू पिळला, शर्टाच्या खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली आणि स्क्रूच्या डोक्यावर एक लाल ठिपका दिला.

"कारखान्याची सवय," ते ओशाळून म्हणाले. "स्क्रू तपासून घट्ट केला की ठिपका. नंतर कोणी उघडला तर ठिपका मोडतो, लगेच कळतं. तीस वर्षं तेच केलं, आता हात आपोआप जातो. चिमटे-हातोडे सगळे वापरतात इथं, पण ही बाटली मी कोणाला देत नाही."

खरंच, खोलीत सगळीकडे ठिपके होते. मशीनच्या पायांवर, टेबलांवर, भिंतीवरच्या कनेक्शनच्या डब्यावर, एवढंच काय, देवाच्या फळीवरसुद्धा.

नथ्थू पन्नाशी उलटलेला, सडपातळ माणूस. आपल्यावर संशय आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो गरजेपुरतंच बोलत होता. त्यानं काम समजावलं. रबराचा साचा जात्याच्या पाळीसारखा गोल. त्यात कडेनं आठ इंजिनांचे खळगे. साचा मशीनमध्ये ठेवायचा, झाकण लावायचं, मशीन गरगर फिरायला लागलं की मधल्या भोकातून कथिल ओतायचं. धातू फेकला जाऊन खळग्यांत भरतो.

साच्यात मधून कडेपर्यंत गेलेल्या बारीक नाल्या सरळ नव्हत्या, वाकड्या होत्या. काहून, असं चिन्मयीनं विचारलं.

"चक्का जिकडून फिरते, त्याच्या हिशोबानं नाली वाकवा लागते," नथ्थू म्हणाला. "पंख्याच्या पात्यावाणी."

झाकण नवं दिसत होतं, जाड पोलादी. जुन्या जागी जाळीचं होतं, आतलं सगळं दिसायचं. हे अनुपमनं बसवलं, थेंब उडून बाबांना भाजू नये म्हणून. मशीन पूर्ण थांबल्याशिवाय ते उघडतच नाही.

"आणि कनेक्शनचा डबा? तो उघडून बघितला का कोणी?"

नथ्थूला प्रश्नच विचित्र वाटला. "साहेबांचा ठिपका आहे ना त्याच्यावर, दीदी. ठिपका असला म्हणजे तपासलेलं. बावीस साल झाले, ठिपक्याला कोणी हात नाही लावत."

श्रीकांतरावांनी आपली वही पुढे केली. रोज एक पान, इन्स्पेक्टरच्या टापटिपीनं लिहिलेलं. कथिल जास्त तापवलं. कमी तापवलं. साच्याला पावडर जास्त. पावडर कमी. साचा घट्ट. मशीनचा वेग वाढवला. वेग कमी केला. प्रत्येक पानाखाली निकाल : 'सदोष'. आणि अगदी खालच्या ओळीत : 'रजा १७', 'रजा १६'... आजच्या पानावर 'रजा ४'.

"अनुपमला रोज विचारून लिहितो," ते म्हणाले.

"तुम्हाला काय वाटतं? चालावी का ही ओतशाळा?"

"माझं काय आता," म्हातारा म्हणाला आणि वही मिटली.

बंगल्यात विनताबाईंनी पन्हं दिलं आणि तक्रारींचा पाढा वाचला. वास येतो, आवाज येतो, फाटकातून टेम्पो आत येताना मोगरा मोडला. मामांनी चिन्मयीकडे सूचक नजर टाकली.

"पण मी काहून बिघडवू?" विनताबाई म्हणाल्या. "भाऊ डोळ्यांसमोर राहतो, तेवढं पुरे मला. तोच वेडा झालाय. पूजेच्या दुसऱ्या दिवशी अनुपम अन् नथ्थू सुताराकडून टेबलं आणायला मझौली गावाला गेले होते. मी चहा घेऊन गेले तर हा एकटा आत, घामानं निथळत, अन् पंखा बंद. मी म्हटलं, लाइट गेली का रे श्री? बंगल्यात तर होती. तर म्हणतो, मेन बंद केलंय, तू जा."

परतताना मामांनी स्कूटरवरच निकाल दिला : बाई गोड बोलतात, तेव्हा त्याच असणार. मग अनुपमचं कौतुक सुरू झालं. चांगला मुलगा, कंपनीही चांगली. दिवसभरात एक फोन नाही की मेल नाही. आमच्या वेळी रजेवरच्या माणसाला साहेब अंथरुणातून उठवायचे.

घरी गेल्यावर चिन्मयीनं पूजेचा फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, तिनं सगळ्यांना आउटहाउसमध्ये बसवलं. विनताबाईही नाकाला पदर लावून आल्या.

"आधी नथ्थूभैयांबद्दल," तिनं सुरुवात केली. "कथिलात भेसळ असती, किंवा ओतणाऱ्याचा हात कापत असता, तर दोष कधी इथं आला असता, कधी तिथं. इथं चौदा दिवस, प्रत्येक इंजिनात, दोष एकाच बाजूला. असं माणसाच्या हातून होत नाही, ते मशीनच करू शकतं. म्हणजे धातू खळग्यात एका बाजूनं भरतोय आणि दुसऱ्या बाजूला पोचतच नाही. साच्याच्या नाल्या मशीनच्या फिरण्याप्रमाणे वाकवलेल्या आहेत. साचे तेच आहेत. मग बदललं काय असेल?"

"फिरणं," नथ्थू हळूच म्हणाला. "चक्का उलटा फिरून राहिला."

"नव्या झाकणामुळे ते कोणाला दिसलं नाही. तीन तारांवर चालणारी मोटर आहे ही. त्यातल्या कुठल्याही दोन तारा आपसात बदलल्या की ती उलटी फिरते. पूजेच्या दिवशी सरळ फिरत होती, माल उत्तम निघाला. शुक्रवारी उलटी. मधे फक्त गुरुवार."

अनुपम उठून डब्याकडे गेला. "पण हा डबा उघडलाच नाही कोणी. ठिपके शाबूत आहेत."

"म्हणूनच तर तुम्ही कोणी तिकडे बघितलं नाही." तिनं मोबाइल त्याच्या हातात दिला. "हा बुधवारचा फोटो. डब्याचे चार स्क्रू बघा."

फोटोत चारही स्क्रू कोरे होते, चकचकीत. समोरच्या डब्यावर चारही स्क्रूंना लाल ठिपके होते.

"स्क्रू तुम्ही लावलेत, आणि तुम्ही ठिपके देत नाही. बाटली एकाच माणसाच्या खिशात असते. गुरुवारी मेन बंद करून, पंखाही बंद, घामाघूम होऊन तो इथं एकटा बसला होता. त्याच्याकडून एकच चूक झाली. बिघाड करायला त्यानं डबा उघडला, आणि स्क्रू परत घट्ट केल्यावर तीस वर्षांच्या सवयीनं हात खिशाकडे गेला."

सगळे श्रीकांतरावांकडे वळले.

"मला आधी शंका आली ती वहीवरून," चिन्मयी म्हणाली, आता जरा मऊ आवाजात. "श्रीकांतकाका, तुम्ही वेग बदलून पाहिला, दिशा एकदाही नाही. जागा हलवली की कुठलाही शिकाऊ माणूस आधी ते बघतो. तुम्ही विसरला नव्हता, टाळत होता. आणि काहून, तेही त्याच वहीत आहे, प्रत्येक पानाच्या शेवटच्या ओळीत."

श्रीकांतरावांनी खिशातली बाटली काढून टेबलावर ठेवली.

"त्याला जायचं नव्हतं," ते म्हणाले. "मी 'परत जा' म्हटलं असतं तर ऐकलं नसतं यानं. म्हणाला असता, बाबा मन मारून बोलून राहिले. एवढी चांगली नोकरी सोडून या भट्टीत बसणार, माझ्यापायी. मला ते बघवलं नसतं. म्हटलं, मशीनच नाही चाललं तर जाईल आपोआप." मग ते नथ्थूकडे वळले. "तुझ्यावर शक येईल हे माझ्या डोक्यात नव्हतं रे. अन् आला तेव्हाही मी गप्प बसलो. चुकलंच माझं."

नथ्थूनं नुसती मान हलवली. बावीस वर्षांत साहेबांनी चूक कबूल केल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं.

चिन्मयी अनुपमकडे बघत थांबली होती. कार्डावरच्या खोडलेल्या नंबरावरून तिला आणखी एक गोष्ट कळली होती, पण ती सांगायचा हक्क तिचा नव्हता.

"बाबा," अनुपम म्हणाला, "रजा नाहीच आहे."

"म्हणजे?"

"मार्चमध्येच काढलं मला. आमची पूर्ण टीम बंद केली. राजीनामा कोणाला पाठवणार मी?"

म्हाताऱ्यानं वही उघडली. "मग मी रोज विचारायचो तेव्हा..."

"तुम्ही रोज विचारायचे, रजा किती उरली. मी रोज एक कमी करून सांगायचो. सोमवारी काय सांगायचं, तेच समजून नव्हतं राहिलं. हे मशीन चाललं असतं तर सांगायची वेळच आली नसती."

विनताबाईंनी पदर नाकावरून डोळ्यांकडे नेला. एकानं दुसऱ्याला मोकळं करायचं म्हणून, दुसऱ्यानं पहिल्याला त्रास नको म्हणून, दोघांनी मिळून स्वतःला या खोलीत चांगलं चौदा दिवस कोंडून घेतलं होतं. आणि बापानं मुलाला जिकडे परत पाठवायचा घाट घातला होता, तिकडे त्याच्यासाठी आता काहीच नव्हतं.

"मार्चपासून एकटाच होतास तिथं?" श्रीकांतरावांनी विचारलं.

"हो."

"जेवत कुठं होतास?"

श्रीकांतराव उठले, अनुपमजवळ गेले, पण हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

"मी तुला हाकलून राहिलो होतो रे," ते म्हणाले, आणि त्यांना रडू आलं.

चिन्मयीनं मामांना खूण केली. विनताबाई आणि नथ्थूही त्यांच्या मागोमाग बाहेर आले. फाटकाशी मामा घुटमळले. एक इंजिन धड निघालेलं बघून जाऊ, असं त्यांचं म्हणणं पडलं. तारा बदलायला लागतात पाचच मिनिटं.

ते चौघं कडुनिंबाच्या सावलीत उभे राहिले. मशीन सुरू झाल्याचा आवाज यायला पाऊण तास लागला. तोवर आत बापलेक बोलत होते.