सामाईक भिंत

"अहो, भिंतीतून चालल्या तुमी!"

कोकिळा दचकून थांबली. डोक्यावर घागर, पायाखाली चुन्याची पांढरी फक्की. समोर उन्हानं रापलेला एक तरुण हसू दाबत उभा.

"भिंत? कुठं हाय भिंत?"

"तुमच्या पायाखाली. आत्ताच पुसली."

"अगंबाई... कुणाचं घर मोडलं मी?"

"कुणाचं ते ठरायचंय. पण सैपाकघर होतं, एवढं नक्की!"

ती खळखळून हसली, तशी घागर हिंदकळली अन् पाणी तिच्या गालावरून ओघळलं. त्याची नजर तिथंच अडखळली... मग घाईघाईनं टेपाकडं वळली.

तो वैजीनाथ. पालमकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, परभणीच्या कचेरीत ओव्हरसियर. भादव्यात गोदावरीनं गंगाखेडची काठावरची गल्ली नेली, तेव्हापासून तिथली माणसं बाजारातल्या पत्र्यांखाली दिवस काढत होती. त्यांच्यासाठी माळावर नवी वस्ती आखायला तो आला होता. कोकिळाचं घरही त्याच पुरात गेलेलं. आता पाण्याला जाताना ती रोज माळावरून वळसा घेई. वळसा कशापायी, ते तिच्या वडिलांनी, आबांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

एक दिवस मात्र ती तणतणतच आली.

"आमच्या कडूबाईला जागा न्हाई म्हनं?"

कडूबाई शेजारची धनगरीण. कोकिळाची आई बाळंतपणात गेली, तेव्हा आपल्या लेकराबरोबर तिनंच हिला पाजलं होतं.

"नियम हाय," वैजीनाथ खालच्या आवाजात म्हणाला. "घराच्या चारी अंगांनी मोकळी जागा सोडायची. मग एवढ्या माळावर सगळी घरं बसत न्हाईत. उरलेल्यांना रुळापल्याड..."

"नियम दिसतो तुमाला. मानसं दिसत न्हाईत!"

त्याचा चेहरा उतरला. "माझी धाकटी बहीण आगीत गेली, कोकिळा. आमची गल्ली इतकी दाट, की पाणी घेऊन आत शिरायला वाटच न्हवती."

त्यानं पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं होतं... अन् तेही असं. तिचा राग विरघळला.

"मग—" ती हळूच म्हणाली, "सगळ्यांनाच इचारू की."

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना सारी गल्ली मारुतीच्या पारावर जमली. बाप्यामाणसांच्या पुढ्यात कोकिळा उभी राहिली. 

"आमच्या अन् कडूबाईच्या घरात एकच भिंत घाला. मधली जागा वाचंल."

वैजीनाथचे डोळे चमकले. "दोन-दोन घरं जोडून... अन् दर जोडीनंतर बैलगाडी जाईल एवढी वाट!"

"एका भिंतीवरून भांडनं लागतील," गल्लीतले किशनराव कुरकुरले.

"लागू द्या की," कडूबाई म्हणाली. "आजवर काय कमी भांडलो?"

पारावर हशा पिकला. एकेकानं अर्जावर अंगठा उठवला. वैजीनाथ नवा नकाशा घेऊन परभणीला गेला, अन् कोकिळाला माळ रिकामा वाटू लागला. येणारी प्रत्येक एसटी ती चोरून बघायची.

तो परतला तेव्हा भुरभुर पाऊस होता.

"मंजूर?"

"मंजूर. साहेब आधी लय बोलले. पण सगळ्या गल्लीचे अंगठे बघून गप झाले."

तिचे डोळे भरून आले. "मग... तुमचं काम संपलं."

"संपलं. आता सोनपेठला जायचंय." तो घुटमळला. "पर मला एकट्याला न्हाई जायचं, कोकिळा."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"आबांला इचारावं लागंल."

"इचारतो. अन् कडूबाईला?"

"तिला—" कोकिळा पाठ फिरवून पळता पळता म्हणाली, "तिला मी कवाच इचारलंय!"