जिवतीचं दार

वणीत राहायचं म्हणजे काळ्या रंगाशी संसार करायचा. चंद्रपूरच्या रस्त्यानं दिवसभर कोळशाचे ट्रक जातात आणि त्यांची धूळ खिडकीच्या पट्टीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, अगदी फडक्यानं तोंड बांधलेल्या लोणच्याच्या बरणीवरही बसते. शुभदाताईंच्या स्वयंपाकघरातल्या सागवानी कपाटांवर ती पस्तीस वर्षं बसत आली होती. मूळचं लाकूड कोणत्या रंगाचं होतं, हे आता घरात कुणालाच आठवत नव्हतं.

एप्रिलात शुभदाताईंनी पदर खोचला. कपाटं उजळायची, म्हणजे उजळायची.

"अगं, पस्तीस वर्षं चाललं ना त्या कपाटांचं? आताच कायले मागं लागली?" वामनराव पेपरातून मान वर न काढता म्हणाले. तहसील कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती, पण कोणतंही काम पुढच्या तारखेवर टाकायची सवय गेली नव्हती.

"बाळंतीण येणार आहे घरात. तिला काय त्या अंधारात बसवू? आणि रंगाचा वास बाळाच्या आधी जायला हवा."

यावर वामनरावांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. बाळ हा शब्द त्या घरात जपून उच्चारला जाई. मंदार आणि वैष्णवी पुण्याला होते. वैष्णवीला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा हाती काही लागलं नव्हतं; एकदा चौथ्या महिन्यात, एकदा पाचव्या. आता आठवा चालू होता. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं होतं. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण पुण्यात उरकायचं आणि सव्वा महिन्यानं बाळाला घेऊन वणीला यायचं, असं ठरलं होतं. शुभदाताईंचा सगळा जीव त्या एका ठरण्यात अडकला होता. हेही गेलं तर ती पोरगी पुन्हा उभी राहणार नाही, हे त्यांना पक्कं कळत होतं.

कामाला खेमसिंग मिस्त्री आला. साठीचा माणूस, बोलणं कमी, हात सोन्याचा. ही कपाटं त्याच्या बापानं, भीमसिंगनं बनवली होती आणि तेव्हा विशीतला खेमसिंग रंधा मारायला होता. त्यानं दारं उघडून पाहिली, लाकडावर नख ओढलं आणि म्हणाला, "माल खरा आहे बाई. वरचं काळं निघालं की हासंन."

चार दिवसांत त्यानं सगळी दारं घासली, भेगा लांबीच्या पुट्टीनं बुजवल्या, प्रायमर मारला आणि फिकट पिस्ता रंगाचा पहिला हात दिला. स्वयंपाकघर एकदम मोठं वाटू लागलं. शुभदाताई येता-जाता उगाच तिथं डोकावत. उरलं होतं फक्त कोपऱ्यातलं उंच कपाट.

त्या कपाटाच्या दाराला आतून जिवतीचे कागद चिकटवलेले होते. लेकुरवाळ्या देवीचा तो छापील कागद. श्रावणात लावायचा आणि शुक्रवारी पोराबाळांच्या आयुष्यासाठी पुजायचा. लोक जुना काढून नवा लावतात. या घरात मात्र शुभदाताईंच्या सासूबाईंचा, हंसाबाईंचा दंडक वेगळा होता. लेकरांवरचं पांघरूण कुणी ओढून काढतं का, असं म्हणून त्या जुन्यावरच नवा चिकटवत. त्या गेल्यावर शुभदाताईंनीही तेच चालवलं. वर्षाला एक, असा तेहतीस कागदांचा थर पुठ्ठ्याएवढा जाड झाला होता. गेल्या दोन श्रावणांत मात्र शुभदाताईंनी कागद लावला नव्हता. वैष्णवीचं दुसऱ्यांदा बिनसलं तेव्हा त्यांनी त्या दारासमोर उभं राहून म्हटलं होतं, जिनं माझ्या घराकडं पाहिलं नाही, तिच्याकडं मी का पाहू?

"हे मी नाही खरवडत," खेमसिंगनं हातातली पत्ती खाली ठेवली. "पयला कागद तुमच्या सासूबाईनं माह्या डोळ्यापुढं लावला व्हता. लेकराची बाब आहे, बाई. दार तसंच राहू द्या."

"तू जेवून ये," शुभदाताई म्हणाल्या. "मी पाहते काय करायचं ते."

दुपारचा एक वाजला होता. वामनराव मारेगावला लग्नाला गेले होते. खेमसिंग डबा घेऊन समोरच्या निंबाखाली गेला. लाइन गेली आणि कूलरची घरघर बंद पडली. वणीच्या एप्रिलात भर दुपारी कुत्रंही भुंकत नाही. रस्त्यावर ट्रकसुद्धा नव्हता. शुभदाताईंनी फडकं पाण्यात बुडवून कागदांवर दाबलं, थोडा वेळ थांबल्या आणि पत्तीचं टोक कडेखाली घातलं.

कागद सहज सुटले. जणू वाटच पाहत होते. एकाखाली एक तीच चित्रं, तीच देवी, मांडीवरचं तेच मूल, पाळण्यातलं तेच बाळ. वरचे रंग ताजे, खालचे पिवळे. खालच्या कागदांना हंसाबाईंच्या हळदीकुंकवाचे डाग. शेवटचा कागद निघाला आणि दारावर कोऱ्या सागाचा चौकोन उघडा पडला. मधासारखा रंग, पस्तीस वर्षं धूळ न लागलेला. हाच तो मूळचा रंग!

शुभदाताईंना बरं वाटलं. पण ते क्षणभरच.

वास आला. ओवा, बाळंतशोपा, निखाऱ्यावर टाकलेली धुरी. बाळंतिणीच्या खोलीला येतो तो वास. शेगडी घरात कित्येक वर्षं पेटली नव्हती. त्यांनी वाकून कपाटात पाहिलं. फळ्या रिकाम्या होत्या. वास तिथूनच येत होता, आणि ऊबसुद्धा, नुकतंच कुणी निजून उठल्यासारखी.

मग आवाज. कर्र... कर्र... कर्र...

दाराची बिजागरी असेल म्हणून त्यांनी दार हातानं धरून ठेवलं. दार हललं नाही. आवाज चालूच. संथ, एका लयीत, आढ्याला बांधलेल्या पाळण्याची दोरी करकरते तसा. किती तरी दिवसांपासून कुणी तरी झोका देत बसलंय आणि आपल्याला आजच ऐकू येतंय, असं त्यांना वाटलं.

आणि मग आवाज थांबला.

त्या थांबण्यानं त्या जितक्या भ्याल्या, तितक्या आवाजानं भ्याल्या नव्हत्या. झोका देणारा हात कुणी तरी मधेच काढून घेतला होता. कुणी म्हणजे कोण, हे त्यांना ठाऊक होतं. भिजलेले कागद त्यांच्याच पायाशी पडले होते.

फोन वाजला.

"आई..." मंदारचा फोन होता. "वैष्णवीला अ‍ॅडमिट केलंय. अचानक दुखायला लागलं. अजून पाच आठवडे आहेत गं. बाळाचे ठोके... डॉक्टर नीट सांगत नाहीयेत. ठेवतो मी."

पुणं कुठं आणि वणी कुठं! पंख लावले तरी पोचता येणार नव्हतं. शुभदाताई दारासमोर खाली बसल्या. सुटलेले कागद उचलून पाहिले, तर ओल्या लगद्याचे तुकडे हातात आले. ते आता कुठल्याही गोंदानं चिकटणार नव्हते. रागाच्या भरात आपण काय केलं! रुसले मी, आणि पांघरूण काढलं लेकराचं.

मग त्या उठल्या. एवढं एक मात्र शुभदाताईंचं खरं, रडायला त्यांना बसून राहावं लागत नाही. हळदीचा डबा काढला, कुंकू काढलं, तेलात कालवलं आणि बोटानं त्या कोऱ्या लाकडावर देवी काढायला घेतली. चित्रकलेच्या नावानं बोंबच होती. देवीचं डोकं मोठं झालं, हात काड्यांसारखे. एक पाळणा काढला. पाळण्यात एक बाळ. पाळण्याची दोरी देवीच्या हातात दिली. कणकेचा दिवा लावला. मूल परगावी असलं की आई चारी दिशांना अक्षता टाकून ओवाळते. शुभदाताईंनी सगळ्या अक्षता पश्चिमेकडं टाकल्या, पुण्याकडं.

"मी चुकले," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "माझं काय करायचं ते कर. तिला एवढं एक राहू दे."

मागं चाहूल लागली. खेमसिंग दारात उभा होता. त्यानं लगदा पाहिला, चित्र पाहिलं, शुभदाताईंचा चेहरा पाहिला. "हळद उडून जाईन, बाई," तो हळूच म्हणाला. "याच्यावर चपडा मारू काय? मंग कोणाच्या बापाच्यानं निंगनार नाही."

"मार. रंग नको. असंच दिसू दे."

त्यानं स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेची बाटली काढली, कापसाचा बोळा फडक्यात बांधला आणि देवीला धक्का न लावता वरून अलगद हात फिरवू लागला. लाकूड ओलं होऊन चमकलं. तिसऱ्यांदा बोळा फिरला, आणि कपाटातून आवाज आला.

कर्र... कर्र...

खेमसिंगचा हात थबकला. "बाई... आवाज येऊन राह्यला. तुमाले येते का ऐकू?"

"येऊ दे," शुभदाताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तू थांबू नको. पुसत राह्य."

दिवेलागणीला फोन आला. मुलगी झाली होती. दोन किलोची, काचेच्या पेटीत ठेवलेली, पण हॉस्पिटल डोक्यावर घेईल असं रडणारी. मंदार हसत होता की रडत होता, काही कळत नव्हतं. मारेगावहून परतलेले वामनराव कधी नव्हे ते शुभदाताईंचा हात धरून बसले.

सकाळी खेमसिंग पॉलिशच्या दुसऱ्या हातासाठी आला, आणि दार उघडून उभाच राहिला.

"बाई, हे तुमी कवा काढलं?"

शुभदाताईंनी पाहिलं. पाळणा होता, बाळ होतं, देवी होती. पण पाळण्याच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन लहान मुलं उभी होती. एक जरा उंच, एक ठेंगणं. हळदीचीच, चपड्याच्या थराखाली. दोरी आता देवीच्या हातात नव्हती. ती त्या दोघांच्या हातात होती.

मागून वामनराव चहाचा कप घेऊन डोकावले. "तीन लेकरं काढली? बरं केलं," म्हणाले आणि निघून गेले.

खेमसिंगनं बोटाची पाठ दाराला लावून पाहिली. बाकी दार कोरडं ठणठणीत होतं. त्या दोघांपाशी मात्र पॉलिश चिकट होतं. "या उन्हात चपडा पाच मिनिटात वाळते," तो पुटपुटला. "चाळीस वर्षांत असं नाही पाह्यलं." त्यानं दुसरा हात दिला नाही. निघताना दारापुढं गुळाचा खडा ठेवून गेला.

आषाढात वैष्णवी आली. पिस्ता रंगाच्या त्या उजेडात बाळाला मांडीवर घेऊन बसली आणि हसली. एका दुपारी बाळ काही केल्या झोपेना. वैष्णवी फेऱ्या घालून दमली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ती संथ करकर सुरू झाली आणि बाळ ऐकता ऐकता शांत झालं. वैष्णवी आवाजाच्या मागानं गेली. तिनं दार उघडलं. ती तिथंच खाली बसली.

"आई," तिनं विचारलं, "ही दोघं तुम्ही काढलीत?"

"नाही गं."

वैष्णवीनं पदरानं डोळे पुसले आणि त्या दोघांच्या गालांवरून बोट फिरवलं. श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी तिनं ओवाळताना ताटात एकाऐवजी तीन पुरणाचे दिवे ठेवले. शुभदाताईंनी ते पाहिलं आणि त्या देवघराकडं वळल्या.

आता नात वर्षाची झालीय. पुण्याहून आली की त्याच कपाटाला धरून उभी राहते आणि दारावर चिकट बोटांचे ठसे उमटवते. शुभदाताई ते रोज पुसतात. पण त्याच दारावर, नातीचा हात पोचणार नाही इतक्या वर, आणखी दोन जोड्या ठसे असतात. एक थोडी वर, एक त्याहून वर. ते ठसे नात पुण्याला असतानाही असतात. ते त्या पुसत नाहीत.

दिवाळीत त्यांनी त्या दोन्ही ठशांच्या वर पेन्सिलीनं बारीक रेघ ओढून ठेवली होती. काल सहज म्हणून पाहिलं.

दोन्ही रेघांना मागं टाकून ठसे चार-चार बोटं वर गेले होते.