बाई, सकाळ झाली का?

शाळेची घंटा आता बऱ्याच ठिकाणी माणूस वाजवत नाही. ऑफिसात भिंतीवर एक डबा असतो, त्याला मास्टर क्लॉक म्हणतात. त्यात जी वेळ भराल तीच वेळ इमारतीतली सगळी घड्याळं दाखवतात. प्रार्थना, तास, सुट्टी, सगळं एकदा भरून ठेवलं की घंटा आपोआप होते. त्यालाच इंटरकॉम जोडलेला असतो. खोलीखोलीत एक स्पीकर आणि एक बटण. खोलीतून कोणी बटण दाबलं की ऑफिसातल्या बोर्डावर त्या खोलीचा लाल दिवा लागतो, आणि मग तिथल्या माणसाशी बोलता येतं. हे सगळं भरून, तपासून देणं हे माझं काम. पुढचं समजायला एवढी माहिती पुरे.

शाळेचं नाव सांगत नाही. सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या डोंगरांच्या अलीकडे, जंगलाला लागून असलेली एक निवासी शाळा, एवढंच धरून चाला. जुनी इमारत पाडून त्याच जागी नवी बांधली होती. दिवाळीची सुट्टी चालू होती. वायरमन लोक घड्याळं टांगून, वायरी ओढून गेले होते; वेळापत्रक भरायचं तेवढं राहिलं होतं. मी गोंदियाहून जेवण करून स्कुटीनं निघाले. दोन्ही बाजूंच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, कापलेला धान पडला होता. हवेत तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा वास होता. सालेकसा मागं पडलं, सागाची आणि मोहाची झाडं दाट होत गेली, आणि मोबाईलची रेंज गेली.

गेटवर चौकीदार बसला होता. जंगलू त्याचं नाव.

"या जी मॅडम. बाई तुमचीच वाट पाहून राहिल्या."

बाई म्हणजे दुर्गेश्वरी बाई, मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका. पन्नाशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. मुली सुट्टीत आपापल्या गावी गेल्या तरी त्या शाळेतच राहत. एवढ्या मोठ्या इमारतीत त्या, गेटवर जंगलू, आणि आता मी.

वेळापत्रक भरून झालं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मग खोल्या तपासायला घेतल्या. मी बोर्डापाशी बसले आणि बाई एकेका खोलीत जाऊन बटण दाबू लागल्या.

"ऐकू येते का?"

"येते. पुढं चला."

रिकाम्या शाळेत त्यांच्या चपलांचा आवाज आधी दूर जायचा, आणि मग त्यांचा आवाज अचानक माझ्या कानाशी यायचा. खालचा मजला झाला, वरचा झाला. त्या जिना उतरून आल्या.

"सिक रूम राहिली नं, बाई?" मी बोर्डावरचं शेवटचं नाव दाखवलं. वरच्या मजल्याच्या टोकाची खोली होती ती, आजारी मुलींसाठी.

"ते राहू द्या. तिथं स्पीकरच बसवला नाही. कमी पडला म्हणे. नुसत्या वायरी काढून ठेवल्या." हे बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "चहा ठेवते मी."

त्या मागच्या स्वयंपाकघरात गेल्या. मी पिशवी आवरायला घेतली. तेवढ्यात बोर्डावर लाल दिवा लागला.

सिक रूम.

मला भीती वाटली नाही, खरंच सांगते. उघड्या वायरी एकमेकींना चिकटल्या की असं होतं. तरी सवयीनं मी ऐकण्याचं बटण दाबलं. आधी नुसती घरघर आली. मग त्या घरघरीखाली श्वास ऐकू यायला लागला. कोरडा, भरभर. ताप अंगात मुरलेल्या माणसाचा असतो तसा.

मी टेप आणि पक्कड घेऊन वर गेले.

सगळ्या इमारतीला नव्या रंगाचा वास होता. जिन्याच्या शेवटच्या वळणावर तो संपला. तिथून पुढं ओल्या घोंगडीचा वास होता, आणि घामाचा. सिक रूमचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत लोखंडी पलंग ओळीनं मांडलेले, गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. खिडकीबाहेर जंगल काळं पडत होतं. भिंतीतल्या चौकोनी खाचेत वायरींची दोन टोकं होती. दोन्हींवर काळी टेप नीट गुंडाळलेली, आणि दोन्ही एकमेकींपासून लांब.

तिथं ना बटण होतं, ना स्पीकर.

मी मागं वळले तेव्हा दिसलं, कोपऱ्यातल्या एका पलंगावरची गादी उलगडलेली होती. मधोमध एक लहानसा खळगा. मी त्याच्यावर हात ठेवला. का ठेवला, मला अजून कळत नाही.

गादी गरम होती.

जिना कसा उतरले ते आठवत नाही. ऑफिसात दुर्गेश्वरी बाई बोर्डासमोर उभ्या होत्या. टेबलावर दोन कप, आणि बोर्डावर तो दिवा तसाच.

"हा काऊन लागला?" त्यांनी हळूच विचारलं.

मी काही सांगणार तेवढ्यात स्पीकर खरखरला.

"बाई..."

लहान मुलीचा आवाज. ओठ सुकले की शब्द चिकटतात ना, तसा.

"बाई... सकाळ झाली का?"

दुर्गेश्वरी बाईंनी पदर तोंडावर दाबून धरला. मग खुर्चीचा हात चाचपडत त्या खाली बसल्या.

"चमेली," त्या म्हणाल्या. "चमेली आहे ती."

त्या थांबत थांबत सांगत गेल्या. जुनी इमारत होती तेव्हाची गोष्ट. पावसाळ्यात शाळेत तापाची साथ आली होती. चमेली दुसरीतली, जंगलातल्या एका पाड्यावरची. तेव्हाही आजारी पोरींची खोली वर, याच कोपऱ्यात होती; तिथं तिला निजवलं होतं. नाल्याला पूर आलेला, दवाखान्याची गाडी अलीकडं येऊ शकत नव्हती. ड्रायव्हरनं निरोप पाठवला होता, पाणी उतरलं की सकाळी येतो.

"मी तिला म्हटलं, सकाळ झाली की गाडी येईल, तुला दवाखान्यात नेऊ. तेवढंच धरून बसली ती. घडीघडी विचारे, बाई, सकाळ झाली का? खालीसुद्धा पोरी फणफणल्या होत्या. मी खालीवर करून थकली होती. शेवटी ओरडली मी तिच्यावर. गप झोप म्हटलं, सकाळ झाली की मी सांगीन. मग तिनं विचारलं नाही. उजाडायला आलं तेव्हा मी वर गेली, तं..."

स्पीकरमधून श्वास येत होता. आमचं बोलणं कोणी ऐकत असावं तसा मध्येच थांबत होता.

"सांगायचं राहिलंच तिला," बाई म्हणाल्या.

"बाई, आपण हे बंद करू," मी म्हणाले. "मी मेन पाडते. स्कुटी आहे माझी, दोघी निघू इथून."

मी उठून मेन स्विच खाली ओढला. ट्यूबलाइट गेली, पंखा मंदावला, मास्टर क्लॉकचे आकडे विझले. पण बोर्डावरचा लाल दिवा जळतच राहिला. अंधारात त्याचा उजेड बाईंच्या चेहऱ्यावर पडला होता.

"बाई... अंधार काऊन आहे?"

मी घाईघाईनं स्विच वर केला.

"परवा पोरी येतील," दुर्गेश्वरी बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज शांत होता, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटली. "तापल्या की मी त्याच खोलीत निजवीन त्यांना. ही त्यांना विचारत राहील. त्यांनी काय सांगावं तिला? उत्तर माझ्यापाशी आहे. तुम्ही घड्याळ पुढं करू शकता नं?"

"करू शकते. पण बाई, खोटी वेळ..."

"सकाळची करा. पोरींना उठवायची पाचची घंटा असते, ती होऊ द्या."

बाहेर दिवस मावळला होता. मी डब्यासमोर उभी राहिले. आयुष्यात कितीदा तरी घड्याळांच्या वेळा भरल्या असतील, पण तेव्हा एकेक आकडा दाबताना बोट जड झालं. वेळ भरली आणि बटण दाबलं.

सगळ्या इमारतीतले काटे एकदम सुटले. वरून, खालून, व्हरांड्यातून, बंद वर्गांमधून नुसती खर्रर्र... काटे रात्र ओलांडून पळत होते. मग एकदम सगळे थांबले आणि घंटा झाली. रिकाम्या शाळेत ती इतकी मोठी वाटली की मी कान झाकले. आवारातल्या झाडावर नुकतेच येऊन बसलेले पक्षी उठले आणि पहाटेसारखे कलकलायला लागले.

दुर्गेश्वरी बाई माईकजवळ वाकल्या.

"हो बेटा," त्या म्हणाल्या. "सकाळ झाली. ऊठ आता. गाडी आली."

स्पीकरमधून अगदी बारीक आवाजात आलं,

"माझ्यानं उठनं नाही होत, बाई..."

"थांब. मी येते."

मी त्यांचा पदर धरला. "नका जाऊ... बाई, वर काय आहे आपल्याला माहीत नाही."

"मागच्या वेळी मी गेली नाही वेळेवर," त्या म्हणाल्या. माझ्या मुठीतून पदर त्यांनी हळूच सोडवून घेतला.

मी बोर्डापाशी बसून राहिले. जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या. मग तोच आवाज स्पीकरमधून आला. दार, पलंगाची कुरकुर.

"ताप उतरला की गं," बाईंचा आवाज. "थांब, वेणी घालून देते. अशी जाशील का गाडीत? मान सरळ ठेव..."

मग त्या बोलत होत्या आणि मध्येमध्ये थांबत होत्या, जसं उत्तर ऐकताना माणूस थांबतो. मला मात्र उत्तर ऐकू येत नव्हतं. शेवटी पलंग पुन्हा कुरकुरला आणि लाल दिवा विझला.

जिना उतरताना दोघींची चाहूल होती. चपला बाईंच्या. दुसरी पावलं अनवाणी, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरणारी. मी मान वर केली नाही. ओल्या घोंगडीचा वास दारासमोरून गेला. तो गेल्यावर मी खिडकीतून बघितलं. बाई मैदान ओलांडून गेटकडे चालल्या होत्या, एका बाजूला थोड्या झुकून, लहान मुलाचा हात धरून चालताना झुकावं लागतं तशा. त्यांच्या हातात काहीच नव्हतं. बोटं मात्र मिटलेली होती.

जंगलू शेकोटीपासून उठला आणि त्यानं गेट उघडलं. बाई तिथं थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग परत आल्या. आता त्यांचे दोन्ही हात मोकळे होते.

"गेली," त्या म्हणाल्या. "हात तिनंच सोडवून घेतला."

आणि मग त्या रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. बाहेर पक्षी हळूहळू गप्प झाले. काही वेळानं मी उठून घड्याळांना खरी वेळ दिली. बाईंनी गार झालेला चहा पिऊन टाकला. मी त्यांना माझ्यासोबत गोंदियाला चला म्हणाले, तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. आता कायले, म्हणाल्या.

त्या अजून त्याच शाळेत आहेत. सिक रूममध्ये नंतर मीच स्पीकर बसवून दिला. मुली तिथं निजतात, बऱ्या होऊन उठतात. भेटल्या की बाई बरं बोलतात, हसतात. त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं, हे मी पाहिलंय. म्हणूनच त्या संध्याकाळी निघताना जंगलू जे बोलला, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मी गेटपाशी स्कुटी थांबवली. तो शेकोटीत काटक्या सारत होता.

"मॅडम, दवाखान्याची होती का जी ते गाडी?"

"कोणती गाडी?"

"आता आली होती ते. लाईट नव्हता तिले. मी गेट उघडलो तं अगोदरच उभी. बाईनं पोरीले आणून सोडलं नं..."

ऑफिसच्या खिडकीतून गेट समोर दिसतं. मी बघत होते. गेटबाहेर रिकामा रस्ता होता.

"बाईंनी पाहिली गाडी?"

"बाई तं पोरीकडंच पाहून राहिल्या होत्या." त्यानं काटकी मोडली. "मागून चढली पोरगी. जागा नव्हती तिले बसाले. मंग कोनीतरी मांडीवर घेतलं."

"म्हणजे... आत अजून कोणी होतं?"

जंगलूनं माझ्याकडे पाहिलं. मला हे कसं माहीत नाही, याचं त्याला नवल वाटत असावं.

"पोरंच पोरं होते, मॅडम. भरून होती गाडी. कोनी बोलून नाही राहिलं. सगळे आपल्या शाळेकडं पाहून राहिले होते."