अपडेट होईस्तोवरची सोबत

पाडव्याच्या दिवशी दुपारी हर्षदा घराला कुलूप लावून निघाली, तेव्हा गोडादऱ्याच्या तिच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दिवाळीत सुरतेचं असंच होतं. माग थांबतात, खानदेशातली, विदर्भातली माणसं गाठोडी बांधून गावाकडे जातात, आणि वर्षभर खडखडणारी गल्ली कानात दडे बसल्यासारखी गप्प होते. हर्षदाचे आईवडील मागेच कायमचे साक्रीला परतले होते. नोकरीसाठी ती तेवढी इथे राहिली. संध्याकाळी खोलीत शिरली की ती दिव्याआधी टीव्ही लावायची. बघायला नव्हे, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून.

बमरोलीच्या एका मिलमधले संगणक सांभाळणं हे तिचं काम. तिथे एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात बरेच संगणक नुसते सॉफ्टवेअरच्या जोरावर चालत. हिशेबाचा एक, हजेरीचा एक, डिझाइनचा एक, आणि या सगळ्यांवर देखरेख करणारं आणखी एक सॉफ्टवेअर. त्याला अपडेट द्यायचं तर मिल बंद हवी, म्हणून शेठनी दिवाळी निवडली होती. मिल पुन्हा उघडते त्या लाभपाचमेच्या मुहूर्ताआधी काम झालंच पाहिजे, असं बजावलंही होतं. ते उरकलं की संध्याकाळच्या बसने ती भाऊबिजेला साक्रीला जाणार होती. गेल्या दिवाळीला असंच काहीतरी निघालं आणि ओवाळायचं राहिलं. ते तिच्या मनाला अजून लागून होतं.

वॉचमन छगनने फाटक उघडून दिलं आणि तो परत आपल्या खाटेकडे गेला. सर्व्हरची खोली मागांच्या लांबलचक शेडच्या पार टोकाला होती. दोन्ही बाजूंना माग उभे, अर्धवट विणलेलं कापड तसंच ताणलेलं. तेलाचा आणि कांजीचा शिळा वास. तिच्या चपलांचा आवाज छताला लागून जरा उशिराने परत येत होता.

खोलीत मात्र थंड हवा आणि पंख्यांची एकसुरी घरघर. तिने लॅपटॉप उघडला, लॉगिन केलं, आणि पाहते तो मेनूमधून ‘अपडेट’चा पर्यायच गायब. बाकी सगळं जागच्या जागी. फक्त अपडेट करणारा प्लगइन जणू कधी नव्हताच. तिने लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केलं, ब्राउझर साफ केला, प्लगइनमागची सर्व्हिस बंद करून परत चालू केली. सर्व्हिस ठणठणीत चालू दिसे आणि मेनू रिकामा. बसची वेळ डोळ्यांपुढे नाचू लागली. शेवटी तिने कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला.

पलीकडे नितीन नावाचा पुण्याचा इंजिनिअर होता. त्याने तिचा स्क्रीन आपल्याकडे घेतला, शांतपणे सगळं ऐकलं, आणि कदाचित सर्व्हरचं बटण हाताने दाबावं लागेल म्हणून विचारलं, “तिथे एकट्याच आहात का?”

बंद मिल, अनोळखी पुरुष. बाईमाणूस जे उत्तर देईल तेच तिने दिलं.

“नाही. आम्ही दोघी आहोत.”

खोटंच ते. पण बोलल्यावर तिला उगाच बरं वाटलं.

सर्व्हिस चालू असली तरी मुख्य सॉफ्टवेअरशी तिची नोंदणी तुटली आहे, असं नितीनचं निदान निघालं. ती पुन्हा करायची आणि मग सगळं रीस्टार्ट. त्याआधी त्याला सर्व्हरचे दिवे बघायचे होते. हर्षदाने कॅमेरा चालू करून लॅपटॉप सर्व्हरच्या कपाटाकडे फिरवला.

“दिसतंय,” नितीन म्हणाला. “फक्त त्या ताईंना जरा बाजूला व्हायला सांगा. खालचा दिवा त्यांच्या पदराआड जातोय.”

हर्षदाने वळून पाहिलं. कपाट होतं, केबली होत्या, भिंत होती. आपलं खोटं याने ओळखलं आणि आता हा गंमत करतोय, असं तिला वाटलं. ती काही बोलणार, तोच तो म्हणाला, “हां, झालं. थँक्यू ताई.”

पंख्यांची घरघर चालूच होती. पण थंड हवेत आता तेलाचा वास मिसळला होता, आणि दार तर घट्ट लावलेलं होतं.

“त्या... कशा दिसतात?” तिने हळूच विचारलं.

तो थोडा गोंधळला. “म्हणजे? दमल्यासारख्या वाटतात. केसांत कापसासारखं काहीतरी अडकलंय. बसायला द्या ना त्यांना.”

सुरतेत असताना हर्षदाची आई अशाच एका मिलमध्ये सुताच्या बॉबिन भरायची. संध्याकाळी घरी यायची ती केसांत असाच पांढरा कापूस घेऊन. पुण्यात बसलेल्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार...

तिने कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची पुढे ओढली. का ओढली, ते तिलाही कळलं नाही. मग तिने रीस्टार्टची कमांड दिली आणि, पाणी पिऊन येते, असं सांगून, फोन तिथेच ठेवून ती मागं न बघता बाहेर पडली. शेड ओलांडून थेट छगनच्या खाटेपाशी. जरा वेळाने तिने त्याला सोबत यायला सांगितलं. तो दारात उभा राहिला. खुर्ची रिकामी होती. स्क्रीनवर ‘अपडेट’चा पर्याय ठळक अक्षरांत परत आला होता. नितीन अजून लाइनवर होता. तिने अपडेट चढवलं, सगळं चालू झाल्याची खात्री केली, आणि तिला बस मिळाली.

बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, तरी तिला खिडकी मिळाली. बारडोली मागे पडली तेव्हा बाहेर अंधारत होतं आणि उसाच्या मळीचा वास आत येत होता. तेवढ्यात नितीनचा फोन आला. तक्रार बंद करायची होती. सगळं ठीक आहे असं तिने सांगितलं. तरी तो घुटमळला.

“तुम्ही पाणी प्यायला गेलात ना... तेव्हा त्या ताई कॅमेऱ्यापाशी आल्या. पलीकडून तुम्हीच ऐकताय असं त्यांना वाटलं असावं. मला नीट कळलं नाही. मराठीच, पण वेगळी. दोन-तीनदा तेच म्हणाल्या.”

“काय?”

त्याने आठवून आठवून, परक्या भाषेतला एकेक शब्द जपून मांडावा तसं सांगितलं, “माले बी... तुना संगे... लई चाल.”

तिच्या घरातली अहिराणी. मलाही तुझ्यासोबत ने.

फोन कधी बंद झाला, तिला समजलं नाही. तिने शेजारी पाहिलं. सीट रिकामी होती. बॅग तर तिने वर ठेवली होती. सुरतेपासून एक म्हातारी तिथेच दांडा धरून उभी होती, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत. तिच्यामागे सगळी वाट माणसांनी भरलेली. इतक्या वेळात ही सीट कुणी मागितली नव्हती.

“बसा ना मावशी,” हर्षदा कशीबशी म्हणाली.

म्हातारीने सीटकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“कोठे बसू व माय?”