खर्जाची जवारी

इचलकरंजीतले माग आता माणसांवाचून चालत होते, आणि ज्यांचे हात रिकामे झाले त्यांच्या डोक्यावर सरकारने एक टोपी ठेवली होती. टोपीचं नाव तंद्रीमापक. बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या दालनात तिचं शिबिर भरायचं. माणसं रांगेत बसत, टोपी घालत आणि बाहेर पडताना हातात एक कागद घेऊन जात. आपल्या जिवाला खरी ओढ कशाची होती, ते त्या कागदावर लिहिलेलं असे.

रमीजा आली ती हसायला मिळेल म्हणून. शेजारच्या मंगलला टोपीने पोहायला शिकवण्याचं काम सांगितलं होतं, आणि मंगल घोटाभर पाण्यातून जाताना सुद्धा नवऱ्याचा हात धरायची. रमीजाचं वय एकसष्ट. अडतीस वर्षं तिने मागाच्या शेडमध्ये कांड्या भरल्या होत्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या लाकडी कांडीवर सूत गुंडाळलं होतं. शेडमधल्या खडखडाटाने तिचे कान आधी बधिर केले, मग पुरते नेले. समोरच्याचे ओठ वाचून ती बोलणं चालवायची. कानात घालायचं यंत्र तिला मुलाने आणून दिलं होतं, पण त्यातून नुसता गलबला मोठा व्हायचा.

टोपी बसवणारी मुलगी जयसिंगपूरची होती, मृण्मयी चौगुले. तिने रमीजाच्या समोर बसून, ओठ नीट हलवत समजावलं. माणूस मनाजोगतं काम करायला लागला, की मेंदूतली वेळ मोजणारी जागा पेंगायला लागते. ती किती गाढ झोपते, एवढंच ही टोपी मोजते. चारशे कामांचे वास, स्पर्श आणि आवाज टोपीत साठवलेले आहेत. ते एकेक करून येतील.

"आवाज कानातून येणार नाही, मावशी. सरळ मेंदूत जाईल. दचकू नका."

ओल्या मातीचा वास आला, कणकेचा आला, तापल्या लोखंडाचा आला. पडद्यावरचा आकडा वीस-पंचविसात घुटमळत राहिला. भरतकामाला एकतीसवर गेला आणि परत खाली उतरला. मृण्मयीला जांभई आली.

आणि मग तंबोरा वाजला.

आधी पंचम आला. त्याच्या मागून जोडीचे दोन षड्ज आले, हातात हात घालून माहेराला निघालेल्या बहिणींसारखे. शेवटी खर्ज आला, दाराशी थांबलेल्या बापासारखा जड. रमीजाने बावीस वर्षांत चमचा पडल्याचाही आवाज ऐकला नव्हता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण ते तिला कळलं नाही. कपाळावर मात्र एक आठी पडली.

"खर्जाची जवारी बंद आहे," ती मोठ्याने म्हणाली. "दोरा केसभर मागे घ्या."

टोपी काढली तेव्हा तिला वाटलं, पाचदहा सेकंदं गेली असतील. अकरा मिनिटं झाली होती. आकडा सत्त्याण्णव होता, आणि मृण्मयीने आजवर ऐंशीच्या वरचा आकडा पाहिला नव्हता. दालन पुन्हा मुकं झालं. रमीजाने टोपीकडे बोट दाखवून विचारलं, ही घरी नेता येईल का. मृण्मयीने नकारार्थी मान हलवली. टोपीत भरलेले आवाज तेवढेच वाजतात, तिला बाहेरचं जग ऐकू येत नाही.

कागदावर काम लिहून आलं, तंबोऱ्याची जवारी काढणे. एका वर्षाचं शिक्षण मंजूर झालं होतं. अट एकच होती. शिकवणाऱ्या कारागिराने सही करून सांगायचं, की हिला हे काम जमेल. आसपासच्या जिल्ह्यांत नोंदणी असलेला कारागीर एकच उरला होता, मिरजेचा दस्तगीर. तो रमीजाचा धाकटा भाऊ.

मिरजेला जाताना बसमध्ये तिच्या मांडीवर कागद होता आणि डोळ्यांपुढे अब्बांची जवारीची खोली. तंबोऱ्याचे भोपळे कोरायला, लाख घासायला घरातल्या मुली चालत. जवारीला चालत नसत. तार ज्या हाडाच्या घोडीवर टेकते, तिच्या माथ्याला कानशीने नजरेला न दिसणारा उतार द्यायचा, तारेखाली सुती दोरा सरकवायचा, आणि मग तार वाजायची थांबून गायला लागते, म्हणजे जवारी खुली होते. ती विद्या दार लावून फक्त मुलाला देत. मुलगी दुसऱ्याच्या घरी जाते, तिच्याबरोबर विद्याही जाते, असा घरचा हिशेब. मग रमीजा भिंतीला कान लावून शिकली. दर शुक्रवारी दुपारी पुरुषमाणसं नमाजेला गेली, की ती कडी काढून आत जायची आणि आठवडाभर दस्तगीरने बिघडवलेल्या जवाऱ्या दुरुस्त करायची.

एका शुक्रवारी अब्बा अर्ध्या वाटेतून परत आले. दारात उभं राहून, डोळे मिटून त्यांनी तिने जुळवलेला तंबोरा शेवटपर्यंत ऐकला. ओरडले नाहीत. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पुढच्या वर्षी तिचं लग्न इचलकरंजीत लावून दिलं.

दस्तगीरने कागद वाचला आणि लगेच खिशातून पेन काढलं. अब्बांच्या त्याच खोलीत आता त्याचं दुकान होतं; तिथे बहिणीला बसवून त्याने सरबत मागवलं, मग तिच्याकडे तोंड करून सावकाश बोलू लागला. मिरजेच्या शिबिरात त्यानेही गंमत म्हणून टोपी घातली होती. द्राक्षाची कलमं बांधण्याला त्याचा आकडा आला अठ्ठ्याऐंशी.

"आणि जवारीला?"

त्याने नऊ बोटं दाखवली. दोघं हसली. हसता हसता दस्तगीरने चष्मा काढून पुसला.

"मला माहीत होतं, आपा. शुक्रवारची कडी मी मुद्दाम सैल ठेवून जायचो. तू गेलीस आणि गिऱ्हाईकं म्हणायला लागली, दस्तगीरचा हात गेला. अब्बा मरेपर्यंत माझ्याशी तंबोऱ्याविषयी बोलले नाहीत." त्याने कागद पुढे ओढला. "कुठं करू सही?"

रमीजाने कागदावर हात ठेवला. अब्बांच्या घरातून खोटी जवारी बाहेर गेली नव्हती, निदान ती होती तोवर. ती म्हणाली, आधी माझं काम बघ, मग सही कर.

दस्तगीरने नवा तंबोरा तिच्यापुढे आडवा ठेवला. रमीजाने पदर खोचला, कानस घेतली. त्रेचाळीस वर्षांनी हात घोडीवर आले आणि एकाही वळणाला अडखळले नाहीत. हाडाची पांढरी पूड बोटांवर साचत गेली. पंचम झाला, जोड झाली. तिने दर तारेला गाल भोपळ्यावर टेकवून पाहिला. लाकडातून थरथर यायची, खूप यायची, पण बंद तारेची थरथर आणि खुल्या तारेची थरथर तिच्या हाडाला सारखीच लागत होती. कुठे थांबायचं ते हातांना आठवत नव्हतं. ते नेहमी कानांनीच सांगितलं होतं.

खर्जाशी आल्यावर तिने दोरा सरकवला आणि तंबोरा भावाकडे उभा केला. दस्तगीरने तार छेडली.

"खुली झाली?"

"झाली, आपा. अगदी खुली."

रमीजाने त्याच्या ओठांवरून नजर काढून चेहऱ्याकडे पाहिलं. त्यात माया होती, घाई होती, आणि चुकलं तर काय या भीतीने पापण्या फडफडत होत्या. तो खोटं बोलत नव्हता. त्याला कळतच नव्हतं. चाळीस वर्षं धड कान घेऊन तो या घोडीपाशी बसला होता आणि एकदाही त्याला कळलं नव्हतं. ज्याला ऐकू येत होतं त्याला ओढ नव्हती, आणि ओढ होती तिचे कान अडतीस वर्षांच्या कांड्यांबरोबर गुंडाळले गेले होते. दोघांच्या मध्ये तार अजून हलत होती.

पेन उघडून दस्तगीर वाट पाहत होता. सही झाली असती तर वर्षभर या खोलीत बसता आलं असतं, दार उघडं टाकून, शुक्रवारचं निमित्त न शोधता.

रमीजाने पेन त्याच्या हातातून अलगद काढून खाली ठेवलं. नखाने दोरा केसभर मागे घेतला. भावाचं बोट धरून खर्जाच्या तारेवर ठेवलं आणि आपले डोळे त्याच्या डोळ्यांना लावले.

"घाई करू नको, दस्तू. नीट ऐक," ती म्हणाली. "आता?"