पाणीकपात बँडमधला पाचवा

१९९० च्या डिसेंबरात ‘पाणीकपात’ या डोंबिवलीच्या रॉक बँडला ठाण्यातल्या एका स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं.

आता हे वाक्य विसरा. बक्षीस मिळालंच नाही असं धरून चाला. आनंददादा गेली आठ वर्षं तसंच धरून चाललाय, आणि घटना त्याच्यासोबत घडलेली आहे.

घटना शंभर टक्के खरी आहे. दादा माझा मामेभाऊ. त्याने आयुष्यात एकच थाप मारली. त्याच थापेची ही गोष्ट.

भुतांनी अमावास्येला, रात्री बारा वाजता यायचं असतं. हे शुक्रवारी दुपारी अडीचला आलं.

मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी. तिथल्या एका शेडमध्ये प्लास्टिकच्या बादल्या बनायच्या. शेड बँडमधल्या मारुतीच्या काकाची, त्यामुळे बँडची प्रॅक्टिस बादल्यांच्या उतरंडींमध्ये चालायची.

बँडमध्ये एकाच कॉलेजची चौघं. आनंद गायचा, हेमा कॅसिओ वाजवायची, मारुती ड्रम आणि त्र्यंबक बेस गिटार. साधी गिटार कुणालाच येत नव्हती. रॉक बँडमध्ये गिटार नाही, हे त्यांना बँड काढून सहा महिन्यांनी लक्षात आलं.

आनंदच्या वडिलांनी त्याला डिसेंबरपर्यंत मुदत दिलेली. “गाण्यात काही झालं तर ठीक. नाहीतर जानेवारीपासून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास, आणि हे ओरडणं बंद.”

आनंदला दुसरं काहीही येत नव्हतं. त्याच्याकडे फक्त आवाज होता.

स्पर्धेत रॉकचा विभाग नव्हता. ‘वाद्यवृंद’ असा विभाग होता, आणि त्यात किमान पाच सदस्य लागायचे.

“पाचवा कुठून आणायचा?” त्र्यंबकने विचारलं.

“आणायचा कशाला?” हेमा म्हणाली. “पाचवा आला की पाचवं मत आलं. आपलं चौघांचंच जमत नाही.”

“मग नुसता लिहू,” आनंद म्हणाला.

आणि त्याने लिहिला. नाव भिवाजी सीताराम. वय बावीस. वाद्य गिटार. पत्ता... घर क्रमांक ११७, खाडीजवळ, कोलशेत. कोलशेतला आनंद कधी गेलाही नव्हता.

“अरे, सही?” मारुती म्हणाला.

आनंदने डाव्या हाताने सही ठोकली.

स्पर्धेच्या दिवशी भिवाजी आजारी पडणार, असं ठरलं. काय झालं म्हणायचं, यावर अर्धा तास भांडण झालं. शेवटी कावीळ ठरली.

पुढच्या शुक्रवारी चौघांनी टेपरेकॉर्डरवर गाणं भरलं. मग कॅसेट मागे नेऊन ऐकायला बसली.

ड्रम होते. बेस होता. कॅसिओ, आनंदचा आवाज, सगळं होतं.

आणि...

गिटार होती.

“बाजूच्या शेडमधली असेल,” मारुती म्हणाला.

“बाजूला सुट्टी आहे ना?”

“म्हणूनच वाजवत असेल कोणी.”

गिटार चांगली वाजत होती, तीच भानगड होती. बेसूर असती तर चौघंही तिथून पळाली असती. चांगली होती म्हणून थांबली. हेमाने तर दुसऱ्या कडव्याआधी तिच्यासाठी जागा ठेवायला सांगितली.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी वीज गेली.

कॅसिओ बंद. अँप्लिफायर बंद. पंखा गरगरत थांबला.

गिटार चालूच...

बादल्यांच्या मागून.

मग ती थांबली. तार पिळल्याचा बारीक आवाज आला. कुणीतरी नीट सूर लावून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मारुतीने एकेक बादली हलवून बघितली. सहाशे बादल्या होत्या. सहाशेही रिकाम्या.

वीज आली. मग त्र्यंबकने बेस उचलली. तारा हलत होत्या...

आवाज नव्हता.

दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, बिघाड काहीच नाही, फक्त वाजत नाही.

तिसऱ्या शुक्रवारी मारुतीचे ड्रम गेले. तो घाम गाळून बडवत होता, आणि उशीवर मारल्याइतकाही आवाज नव्हता. चौथ्या शुक्रवारी कॅसिओ. हेमा एकच पट्टी दाबत बसली. नंतर ती रडली, आणि तिचं रडणं मात्र व्यवस्थित ऐकू आलं.

आता कॅसेटवर दोनच गोष्टी उरलेल्या. गिटार आणि आनंदचा आवाज.

पुढचा नंबर कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

शनिवारी सकाळी आनंद आणि हेमा कोलशेतला गेले. खाडीजवळ घरं होती. ११५ होतं. ११६ होतं.

११७ पण होतं.

दारात एक म्हातारी कोळीण सुकट निवडत बसलेली. ठमाबाई तिचं नाव.

“भिवाजी इथे राहतो का, मावशी?” आनंदने विचारलं, आणि ‘नाही’ ऐकायला कान टवकारले.

“आता नाय घरान. बाजा घेऊन गेलाय.”

“तुमचा मुलगा का?”

“माझा कोन? तुमीच धारलाव ना माझ्याकरं.” तिने सुकटीतला खडा काढून फेकला. “आधी कागद आला. मंग तो आला.”

कागद म्हणजे स्पर्धेचं प्रवेशपत्र. प्रत्येक सदस्याला त्याच्या पत्त्यावर टपालाने गेलेलं.

“जेवतो का तो?” हेमाने विचारलं. असं का विचारलं, ते तिला अजून माहीत नाही.

“जेवत नाय. नुसता वाजवतं.” म्हातारीने मान वर केली. “हसतुस काय रं पोरा?”

आनंद हसत नव्हता. त्याचे दात वाजत होते.

“मावशी, तो कोणी नाहीये. मी लिहिला त्याला.”

“मंग खोर की नाव.”

इतकं सोपं होतं. दोघं तशीच स्पर्धेच्या ऑफिसात गेली. तिथल्या बाईंनी फॉर्म शोधून काढला आणि लाल पेन हातात घेतलं.

“नाव खोडते. पण मग तुम्ही चारच उरता. प्रवेश रद्द होणार. खोडू?”

“खोडा,” हेमा म्हणाली.

“थांबा,” आनंद म्हणाला.

हेमाने त्याला बाहेर नेलं. “अरे, आवाज जाईल तुझा.”

“नाव खोडलं तर जानेवारीपासून बँक. मग हा आवाज काय पासबुकात ठेवू?”

“निदान असेल तरी.”

“एकदा गाऊ दे ना गं. एकदाच. खऱ्या स्टेजवर.”

नाव तसंच राहिलं.

सोळा डिसेंबर, रविवार, दुपारचे चार. पडदा वर गेला. मारुती मुके ड्रम बडवत होता, त्र्यंबक मुकी बेस छेडत होता, हेमा मुका कॅसिओ वाजवत होती. ऐकू येणारं एकच वाद्य, गिटार... ती भरून वाहत होती. आनंदने डोळे मिटले आणि गायला लागला.

पहिलं कडवं त्याला स्वतःला ऐकू आलं. आयुष्यात इतकं चांगलं तो कधीच गायला नव्हता.

दुसऱ्या कडव्याला त्याने श्वास घेतला, तोंड उघडलं...

आणि काहीच आलं नाही.

मानेच्या शिरा फुगल्या. डोळ्यांतून पाणी आलं. तो पूर्ण गाणं गायला, एकही शब्द न गाळता. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

निकाल सांगताना परीक्षक माइकवर म्हणाले, “पाचव्या सदस्याचं विशेष कौतुक. अंगात कावीळ असून वाजवलं. गायकाने मात्र नुसतं तोंड हलवू नये.”

कावीळ ही गोष्ट त्या चौघांनी अजून कुणालाच सांगितली नव्हती.

बँड तिथेच संपला. चौघंही त्यानंतर एकत्र भेटलेली नाहीत.

दादा बँकेची परीक्षा पास झाला. समोरासमोर तो तुमच्या-माझ्यासारखाच बोलतो. फोनवर मात्र पलीकडच्याला त्याचं बोलणं ऐकू येत नाही. लांबून गिटार ऐकू येते. मी स्वतः ऐकलीय, दोनदा. तिसऱ्यांदा फोन उचलला नाही.

आणि गायला लागला की काहीच नाही. नुसता वारा.

त्याला मुलगी झाली, तेव्हा त्याला वाटलेलं की निदान तिच्यापुरता तरी आवाज येईल. रोज संध्याकाळी तिला मांडीवर घेतो आणि तोंड हलवतो. ती त्याच्या ओठांवर हात ठेवते आणि शोधते. मग खिडकीबाहेरून कुणीतरी सूर लावतं... आणि तिला झोप लागते.

पोरगी भिवाजीच्या गिटारवर झोपते, हे दादाला सहन होत नाही.

म्हणून तो दर महिन्याला रजिस्टर पोस्टाने अर्ज करतो. ठमाबाई वारली. ११७ च्या जागी आता गवत आहे. तरी पोचपावती सही होऊन परत येते. उत्तर येत नाही. या महिन्याचा अर्ज त्याने माझ्याकडून टाइप करून घेतला, तो असा :

प्रति,
श्री. भिवाजी सीताराम,
घर क्र. ११७, कोलशेत, ठाणे.

विषय : आवाज परत मिळणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, दि. १६ डिसेंबर १९९० पासून आपल्या ताब्यात असलेला माझा आवाज मला परत मिळावा. संपूर्ण परत करणे शक्य नसल्यास एका अंगाईपुरता, तेही न जमल्यास दोन ओळींपुरता द्यावा. मुलीस चौथे वर्ष लागले असून अंगाईचे वय संपत आले आहे. सबब, सदर प्रकरणी तातडीने कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
आनंद