मुशीच्या वेळेत

समुद्रतळावरच्या प्रयोगशाळेत दोघंच उरले होते, डॉ. हेमलता गवाणकर आणि यंत्रं सांभाळणारा इब्राहिम मुकादम. दरड कोसळून बाहेरचं दार गाडलं गेलं होतं. सुटका-पाणबुडी यायला सोळा दिवस लागणार होते आणि दोघांना हवा पुरणार होती पाच दिवस.

हेमलताबाईंपुढे दोन कुप्या होत्या. दोन्हींत त्यांनीच तयार केलेली मंदकं, म्हणजे शरीराचा वेग मंदावणारी औषधं. एक बांबू खाणाऱ्या अस्वलाच्या, म्हणजे पांडाच्या, अभ्यासातून आणि दुसरं खोल पाण्यातल्या मुशीच्या, म्हणजे शार्कच्या. प्रत्येकाचा एकच डोस होता.

इब्राहिमने फरक विचारला.

"बांबूत सत्त्व कमी, म्हणून पांडा शक्ती जपून वापरतो," त्या म्हणाल्या. "हे घेतलंत तर तुम्हाला निम्मी हवा पुरेल. हातपाय जड होतील, इतकंच. मुशीला हाडं नसतात, कूर्चा असते. गारठ्यात तिचं सगळंच संथ चालतं. ते घेणाऱ्याला शंभरावा हिस्सा हवा पुरेल."

पांडाचं मंदक माणसांवर तपासलेलं होतं, मुशीचं नव्हतं. म्हणून ते बाईंनी स्वतः घेतलं. ऊब मिळाली की मी परत येईन, असं त्यांनी त्याला सांगितलं. त्यांची स्वतःची तशी खात्री नव्हती.

सुई टोचून घेतल्यावर बाईंच्या नजरेपुढे इब्राहिम आधी भरभर हलू लागला, मग धूसर झाला, मग दिसेनासाच झाला. त्याचं बोलणं डासाच्या गुणगुणीसारखं बारीक होत विरलं. बाईंना हात उचलावासा वाटत होता, पण हात जागचा हलत नव्हता. आपल्याच देहात कोणीतरी बाहेरून कडी घातली आहे, असं त्यांना वाटलं.

त्यांच्या हिशेबाने चार तास गेले. एकाएकी भिंती बदलल्या. समोर खिडकी आली. खिडकीत सात-आठ मिनिटांनी उजेड जाई, तेवढ्याच वेळात परत येई. म्हणजे सुटका झाली होती. ऊबही मिळाली होती. तरी वेळ काही जुळत नव्हती.

मग समोरच्या खुर्चीत इब्राहिम दिसला, स्पष्ट. हा मेला की काय, असं बाईंना वाटलं. त्यांना दिसायचं तर माणूस बाहेरच्या घड्याळाने तासभर निश्चल हवा. मग त्याच्या हातातली पाटी दिसली. तो मुद्दाम बसला होता.

"मॅडम, बाहेर येऊन चार महिने झाले. पोटभर जेवलो, तसा मी पहिल्यासारखा झालो. तुमच्यावर उतारा चालत नाही. तुम्ही बोला, आवाज मुद्रित करून शंभरपट वेगाने ऐकू."

बाई वाचत होत्या आणि त्यांना चूक उमगली. पांडाचा संथपणा उपासमारीतून आलेला. पोट भरलं की तो सुटतो. मुशीचा संथपणा कशाच्या अभावातून आलेलाच नव्हता. त्याला उतारा कशाचा द्यायचा?

ही मुशी शतकानुशतकं जगते. इब्राहिमचं वय छत्तीस. पाच महिने, त्यांनी मनाशी मोजलं. आपल्या पाच महिन्यांत हा म्हातारा होऊन संपेल.

"इब्राहिम," त्या म्हणाल्या, "घरी जा. माझ्यासाठी असे बसू नका."

खुर्ची रिकामी झाली. बाईंनी सुस्कारा सोडला. खिडकीतला उजेड एकदाच जाऊन आला आणि इब्राहिम पुन्हा समोर होता, तसाच निश्चल.

पाटीवर लिहिलं होतं, "घरी जाऊन आलो."